अ-सात नंबरचा चपटा तुकडा

मी पोलादाचा एक तुकडा बोलतोय. उंचीने बोटाच्या पेराएवढाही नाही. माझ्या कुशीवर पेनाने 'अ-सात' लिहिलंय आणि ते खरं आहे. माझ्या सहा भावंडांच्या कुशीवरचे नंबर मात्र खोटे आहेत, असा मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. चितेगावच्या एका कारखान्यात वेगाने फिरणारं घासायचं चाक फुटलंच, तर उडालेल्या तुकड्यांपासून कामगाराला वाचवणारा आडोसा हवा होता. त्यासाठी 'अ' नावाची स्वस्तातली, जाड पोलादी पाटी चालेल का, एवढंच ठरायचं होतं. तिच्यातूनच मला कापलं. शेजारी दुसऱ्या कामाची चिवट 'ब' पाटीही होती.

लेथवर कातलं की अंगावरचा नंबर निघून जातो. म्हणून एक तुकडा उतरला की लगेच त्याच्यावर नंबर घालायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा, अशी इथली पद्धत. लेथवरच्या गोकुळने त्या दिवशी अ आणि ब मिळून बारा तुकडे एकदम उतरवले, चहाला गेला आणि परत येऊन आठवणीने नंबर लिहिले. मी दुसऱ्या दिवशी एकटा लेथवर चढलो, म्हणून वाचलो. डब्यात ते सहाजण शेजारी आले, तेव्हाच मी ओळखलं. हे आमच्या घरचे नव्हेतच, 'ब'च्या घरचे!

अचानक दणका बसला की तुकडा किती दबतो, ही चाचणी घेणाऱ्या नीरजा मॅडम. दोन लांब दांड्यांच्या मध्ये मला धरलं. हवेच्या दाबाने मागून गज सुटला, दांड्यावर आदळला आणि पापणी लवायच्या आत सगळं संपलं. ते सहाजण जेमतेम दबले होते. मी पार चपटा झालो.

"सात नंबर भलताच वागलाय," नीरजा मॅडम म्हणाल्या. "धरतानाच काहीतरी चुकलं असणार. बाकी सहांच्या आकड्यांवर गणिताचं मॉडेल छान बसतंय. चितेगावला कळवून टाकते, ही पाटी चालेल म्हणून."

आणि मला भंगाराच्या डब्यात टाकलं. अस्सा संताप आला! छान बसणाऱ्या गोष्टींचा माणसांना संशय कसा येत नाही?

"चितेगाव?" गोकुळने विचारलं. "कोणत्या खात्यात, मॅडम?"

"घासकामाच्या."

गोकुळचा चेहरा उतरला. त्याची बायको रूपा त्याच खात्यात, त्याच चाकासमोर उभी असते. त्याने मला डब्यातून बाहेर काढलं.

"ह्यो एकलाच खरा हाय, मॅडम. बाकीच्यांचे नंबर म्या आठवून लिव्हले."

"आणि हे आत्ता सांगतोयस?"

"समदे सारखेच दिसत्यात. वाटलं, काय फरक पडतोय."

मॅडमनी चितेगावचा निरोप थांबवला. मग अ पाटीतून नवे तुकडे कापले, एकेक करून, नंबर घालत. सगळे माझ्यासारखेच चपटे झाले. पाटी नापास.

आता मी मॅडमच्या टेबलावर असतो. माझं एकच मागणं आहे. सातांत एखादा वेगळा निघाला, तर त्याला टाकण्याआधी उरलेल्या सहांची चौकशी करा.

परवा रूपा गोकुळचा डबा द्यायला आली होती. मला उचलून म्हणाली, "हे काय वं, चेपलेलं?"

"काय नाय, भंगार हाय," गोकुळ म्हणाला, आणि मला तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. त्याने तिला अजून काहीच सांगितलेलं नाही, असा मला दाट संशय आहे.