बारा इंचांचा पीळ

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. माझ्या दस्त्यावर ओरखडे आहेत, पट्ट्याची एक कडी बदललेली आहे, आणि नळीवरचा निळसर रंग वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने काही ठिकाणी पांढुरका झाला आहे. एवढं कुणालाही दिसतं. जे दिसत नाही ते माझ्या नळीच्या आत आहे, आणि मला तुम्हाला सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

कारखान्यात माझी नळी तयार झाली तेव्हा तिच्या आत बारीक खाचा कोरल्या. त्या सरळ नाहीत. दोरीच्या पिळासारख्या वळत वळत जातात. त्यांतून जाताना गोळी गिरकी घेते, आणि पुरेशी गिरकी घेतली तरच ती नाकासमोर उडते. कुणाचा पीळ घट्ट असतो, कुणाचा सैल. माझा सैल आहे. माझ्या नळीत गोळीची एक गिरकी पुरी व्हायला बारा इंच लागतात. हे माप माझ्या अंगावर मात्र कुणीच कोरलं नाही.

माझा पहिला मालक ओस्कार ब्रेकी. अमेरिकेतल्या माँटाना राज्याच्या उत्तर टोकाला, मिल्क नदीच्या काठी त्याचा गहू आणि मेंढ्या होत्या. गव्हात बिळं करणाऱ्या खारी आणि कोकरांवर टपलेले कोल्हे, एवढंच माझं काम. ओस्कार मला नेहमी हलक्या, आखूड गोळ्या द्यायचा. त्या मी दोनशे वारांवर एकीला एक चिकटून बसवायचे. शेजारी बघायला यायचे. ओस्कार फार बोलणारा नव्हता. "बरी आहे," एवढंच म्हणायचा, आणि संध्याकाळी मला पुसताना ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणायचा. ते माझे चांगले दिवस.

ओस्कार गेला आणि मी तळघरात गेले. अकरा वर्षं एका कोपऱ्यात, जुन्या घोंगडीत गुंडाळलेली. मग एका जुलैत त्याची मुलगी ग्रेटा हिने घरातलं जुनं सामान अंगणात टेबलांवर मांडलं. इस्त्री, दिवे, चिनी मातीच्या बश्या आणि त्यांच्या शेजारी मी.

मला वेर्ना हॉलन हिने उचललं. ती शाळेची बस चालवायची. तिचा नवरा डीन वसंतात वारला होता. दर हिवाळ्यात त्यांच्या घरी डीनने मारलेल्या हरणाचं मांस असायचं. त्याची मोठी रायफल वेर्नाच्या खांद्याला झेपत नव्हती. मी हलकी होते, माझा धक्का कमी होता. तिने मला खांद्याला लावलं, समोरच्या धान्याच्या कोठाराकडे बघितलं आणि म्हणाली, "ही जमेल मला."

ती मला घरी न नेता थेट एमेट लापियरकडे घेऊन गेली. एमेट गावातला बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा.

"भरलेली आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"सगळे असंच म्हणतात." त्याने माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, मागे ओढला, आत करंगळी घालून खात्री केली, मग मला शिकंज्यात धरलं. "किती पिळाची आहे ते लिहिलेलं नाही. तिलाच विचारू."

त्याने एका सळईच्या टोकाला घट्ट बसेल अशी चिंधी गुंडाळली. त्या सळईची मूठ जागच्या जागी राहायची आणि दांडी मोकळी फिरायची. चिंधी माझ्या नळीत शिरली तशी ती खाचांत रुतली. मग त्याने दांडीवर वरच्या बाजूला एक खूण केली, नळीच्या तोंडाशी दुसरी, आणि दांडी हळूहळू पुढे ढकलली. दांडी वळत गेली. वरची खूण पूर्ण फेरा मारून परत वर आली, तेव्हा तो थांबला आणि दांडी किती आत गेली ते मोजलं. पहिल्यांदा चिंधी घसरली. त्याने नवी घेतली. मग तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बारा.

"भोवरा फिरवलायस कधी?" त्याने वेर्नाला विचारलं.

"शाळेत असताना."

"बुटका भोवरा जरा फिरवला तरी उभा राहतो. उंच भोवऱ्याला जोरात फिरवावं लागतं, नाहीतर तो डुलतो नि आडवा पडतो. जड गोळी म्हणजे लांब गोळी. तिला जेवढं फिरवायला लागतं तेवढं हिच्याच्याने होणार नाही."

"आडवी झाली तर कुठे जाते ती?"

"ते तिलाही ठाऊक नसतं."

त्याने एका कार्डावर माझा पीळ आणि मला झेपेल ते गोळीचं वजन लिहिलं, 'बारा इंच. नव्वद ग्रेनच्या वर नको.' आणि ते माझ्या चापाजवळ दोरीने बांधून दिलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं आणि मी खरं उत्तर दिलं होतं. मला वाटलं, आता काळजीचं कारण नाही.

पण माझ्या मापाची हलकी काडतुसं गावातल्या दुकानात नव्हती. मागवली होती, येत नव्हती. ऑगस्ट लागला तेव्हा डीनचा धाकटा भाऊ क्लेटन एक डबा घेऊन वेर्नाच्या स्वयंपाकघरात आला. ती काडतुसं त्याने स्वतःच्या रायफलीसाठी घरीच दारू नि गोळी घालून भरली होती. माप माझंच, पण गोळ्या एकशे पाच ग्रेनच्या. लांब, टोकदार, देखण्या.

"एमेट नको म्हणालाय," वेर्नाने कार्ड दाखवलं.

"एमेट चाळीस वर्षं सगळ्यांना घाबरवतोय. त्याच्याकडून नळ दुरुस्त करून घेतलास तर नळालाही चिठ्ठी बांधेल तो."

"क्लेटन, त्याने तीनदा मोजलं."

"म्हणजे पहिल्या दोनदा चुकला असणार. माझी रायफल याच गोळ्या एका नाण्यावर बसवते. डीनसुद्धा माझीच काडतुसं वापरायचा."

डीनचं नाव निघालं आणि वेर्नाचा हात कार्डाकडे गेला. तिने दोरी सोडली आणि कार्ड चमच्यांच्या खणात टाकलं.

दुसऱ्या दिवशी माळावर कागद लावून त्यांनी मला तपासलं. ऊन असं होतं की माझ्या नळीला हात लावता येत नव्हता. वेर्नाने पाच गोळ्या झाडल्या. पाचही कागदावर लागल्या, वीतभर जागेत. क्लेटन हसत कागद घेऊन आला. वेर्ना मात्र कागदाकडे बघत राहिली. तीन भोकं गोल होती. दोन कलिंगडाच्या बीसारखी लांबट.

"ही गोल नाहीत."

"कागद दमट असेल."

"ऑगस्टात?"

"मग वारा असेल. वेर्ना, हरणाला गोल भोकच लागतं का?"

ती हसली. नवरा गेल्यापासून ती फारशी हसली नव्हती, आणि त्या हसण्यात तो प्रश्न बुडून गेला. मला ती दोन भोकं दिसत होती. त्या दोन गोळ्या माझ्या तोंडातून डुलतच बाहेर पडल्या होत्या. उन्हाने पातळ झालेल्या हवेने त्यांना कसंबसं सांभाळून घेतलं होतं. थंड हवा दाट असते. ती कुणाला सांभाळून घेत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पारा शून्याखाली वीसवर गेला. शिकारीच्या हंगामाचे थोडेच दिवस उरले होते. सकाळी नऊच्या सुमारास वेर्ना आणि क्लेटन केशरी जाकिटं घालून नदीच्या अलीकडच्या टेकाडावर पालथे पडले होते. माझ्या पोलादावर हिमाचे कण धरले होते. समोर दीडशे वारांवर मोठ्या कानांची एक हरिणी बर्फ उकरून गवत खात होती. आडवी उभी होती, अगदी शांत.

वेर्नाने काहीही चूक केली नाही. पिशवीवर मला टेकवलं, हरिणीच्या खांद्यामागे नेम धरला, श्वास अर्धा सोडला आणि चाप हळूच दाबला. चूक माझ्या नळीतून बाहेर पडली. मला ती जाणवली. गोळी चार हात गेली असेल नसेल, तोच ती डुलू लागली, आणि मग आडवी झाली.

हरिणीने डोकं झटकलं. पुन्हा झटकलं. मग ती नदीकडे धावत सुटली.

"गेली हातची," क्लेटन म्हणाला.

"नाही. लागलीय." वेर्ना उठत म्हणाली. "तोंडावर लागलीय. मी तिथे नेम धरलाच नव्हता."

बर्फावर रक्ताचे थेंब होते. जखमी जनावर तसंच सोडून जायचं नाही, हा तिकडचा शिरस्ता. दोघं मागावर निघाले. वेर्नाने दुसरं काडतूस माझ्यात भरलेलं होतं. माग नदीपर्यंत गेला आणि गोठलेल्या पात्रावरून पलीकडे.

"थांब," वेर्ना म्हणाली. "मध्ये बर्फ काळं दिसतंय."

"ती गेलीच ना?"

"ती तुझ्या निम्मी आहे."

"आता माझं वजन काढ," असं म्हणत क्लेटन पुढे झाला. वीसएक पावलं गेला. मग फळी मोडावी तसा एक आवाज झाला आणि क्लेटन काखेपर्यंत पाण्यात होता. बर्फाच्या कडेवर दोन्ही कोपरं रोवून तो श्वास घ्यायचा प्रयत्न करत होता.

वेर्ना पोटावर आडवी झाली आणि सरपटत पुढे गेली. तिच्याकडे दोर नव्हता. तिच्याकडे मी होते. तिने माझा दस्ता धरला आणि मला पुढे सरकवलं. माझं तोंड क्लेटनच्या छातीकडे होतं. माझ्या पोटात भरलेलं काडतूस होतं. थंडीने बधिरलेली तिची बोटं चापापासून तसूभर दूर होती. मित्रांनो, मला ओरडता येत नाही.

क्लेटनने हात पुढे केला. "दे! लवकर!"

वेर्ना थांबली. तिने मला मागे ओढून घेतलं.

"काय करतेस? मी मरतोय इथे!"

"दोन सेकंद," ती म्हणाली. बसमध्ये धक्काबुक्की करणाऱ्या मुलांशी बोलावं तितक्याच ठाम आवाजात. तिने दातांनी हातमोजा ओढला, बोल्ट मागे घेतला. काडतूस उडून बर्फावर घरंगळत गेलं. मग तिने बोल्टच उपसून जाकिटाच्या खिशात टाकला. आता मी फक्त एक पोकळ नळी आणि लाकूड होते. तिने मला परत पुढे केलं. क्लेटनने माझ्या पट्ट्यात मनगट अडकवलं. पहिल्या ओढीला कड मोडली. दुसऱ्या ओढीलाही मोडली. तिसऱ्या ओढीला तो वर आला.

गाडी अर्ध्या मैलावर होती. थंडीने गोठून क्लेटनच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. हरिणी सापडली नाही. वेर्नाने वनरक्षकाला सगळं सांगितलं. तो तिच्याबरोबर दोन दिवस पलीकडच्या काठावर फिरला, पण तोवर नवं बर्फ पडून माग बुजला होता.

डिसेंबरात ती मला आणि ऑगस्टमधला तो कागद घेऊन एमेटकडे गेली. क्लेटन कुबड्यांवर तिच्या मागे उभा होता. एमेटने एक लांब गोळी आडवी धरून कागदावरच्या लांबट भोकाला लावली. ती त्यात तंतोतंत बसली.

"मग माझ्या रायफलीतून नीट कशा जातात?" क्लेटनने विचारलं. आवाजात पूर्वीचा टेंभा नव्हता.

"तुझा पीळ आठ इंचांचा आहे. या गोळ्या तुझ्या रायफलीच्या. हिच्या नव्हेत. गोळीत खोट नाही, रायफलीतही नाही."

 "खोट कुठे आहे ते कळलं मला," क्लेटन म्हणाला. एमेटने मान हलवली. मी सांगितलं होतं, असं तो शेवटपर्यंत म्हणाला नाही. उठून त्याने फडताळातून नुकताच मागवून आलेला हलक्या काडतुसांचा एक डबा काढला आणि वेर्नापुढे ठेवला.

मार्चअखेर बर्फ वितळलं. वेर्ना एकटीच नदीपलीकडे गेली. मी तिच्या खांद्यावर होते, रिकामी. झुडपांच्या एका जाळीत हरिणी सापडली. खालचा जबडा उडालेला होता. बर्फात टिकलेलं अंग उपासाने नुसतं हाडं-कातडं झालं होतं. आजूबाजूच्या कोवळ्या फांद्या जशाच्या तशा होत्या. एकही खुडलेली नव्हती. त्या जाळीत ती पुन्हापुन्हा बसली-उठली असावी, जमीन तशी तुडवलेली होती. 

परत येताना ती क्लेटनच्या दारात थांबली.

"सापडली?" त्याने विचारलं.

"सापडली."

"लगेच गेली असेल ना? म्हणजे, त्याच दिवशी?"

वेर्नाला खोटं बोलता आलं असतं. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. "नाही, क्लेटन," ती म्हणाली. "त्या दिवशी नाही."

मित्रांनो, दुसऱ्याने वापरलेली वस्तू घरात आणाल तेव्हा तिच्या पोटात काय आहे ते आधी विचारा, आणि तिने सांगितलेलं ऐका. ती बोलत नाही, पण मोजलं तर उत्तर देते. माझा पीळ मोजायला एमेटला दहा मिनिटं लागली होती. त्या हरिणीला किती दिवस लागले, ते कुणीही मोजलेलं नाही.