मालगाडीचा दुसरा साक्षीदार

पंखे बंद होते हे खरं, पण पद्माकर रणभिसे यांना फुटलेला घाम पंख्यांच्या हिशेबातला नव्हता.

पंखे बंद होते ते मेणबत्त्यांसाठी. बंगळुरात यशवंतपूरच्या त्या ख्रिस्ती देवळात सकाळी तमिळ मंडळीची उपासना होते, मग कन्नड, आणि दुपारी, बाकं अजून गरम असताना, मराठी. संध्याकाळी पुन्हा तमिळ गायकवर्ग तालमीला येतो. इतकं सगळं ऐकून ऐकून वेदीमागची पालसुद्धा आता तिन्ही भाषांत चुकचुकते, असं मराठी मंडळीतले लोक छातीठोकपणे सांगतात.

नोव्हेंबरातला पहिला रविवार हा आठवणीचा रविवार. ज्याचं कुणी प्रभूमध्ये झोपी गेलं असेल त्यानं पुढे जायचं, मेणबत्ती पेटवायची आणि गेलेल्या माणसाची एक आठवण सांगायची. इथपर्यंत जगात सगळीकडे असंच असेल. पण या मंडळीत पुढे एक पाचर आहे. सांगितलेली गोष्ट स्वतः पाहिलेलं दुसरं माणूस मंडळीतून उठलं पाहिजे आणि त्यानं आपली मेणबत्ती पहिलीवर पेटवून घेतली पाहिजे. तशी घेतली, तर पाळक ते नाव मोठ्यानं उच्चारतात. कुणीच उठलं नाही, तर सांगणाऱ्यानं आपली मेणबत्ती फुंकून जागेवर जाऊन बसायचं.

ही पाचर मारली होती नागनाथ मास्तरांनी. मराठी मंडळी त्यांनीच जमवली होती. बेळगाव, निपाणीकडून कारखान्यात आलेली चार-पाच घरं गोळा करून. मंडळीत कुणी वारलं की महिनाभरात त्याला पंख फुटायचे, ते मास्तरांना खपेना. शास्त्रात दोन साक्षीदार सांगितलेत, मग मेलेल्याला काय सूट आहे, असं त्यांचं म्हणणं.

आणि आज त्यांच्याच पाचरीत त्यांचंच नाव अडकलं होतं.

कारण मास्तरांना जाऊन इतकी वर्षं झाली होती, की त्यांना पाहिलेलं मंडळीत जवळजवळ कुणी उरलंच नव्हतं. होते दोघं, पद्माकर आणि ज्योतिबा. दरवर्षी पद्माकर पुढे जाऊन मालगाडीची गोष्ट सांगत आणि ज्योतिबा काठी टेकत उठून म्हणत, "मी होतो तिथं. डोळ्यांनी पाहिलं." गोष्टीतल्या त्या नाताळात ज्योतिबा गालफडं सुजून घरी अंथरुणात पडले होते, ही गोष्ट फक्त त्या दोघांना आणि देवाला ठाऊक होती. देव काही बोलला नव्हता.

या उन्हाळ्यात ज्योतिबा गेले.

जुने पाळक असते तर त्यांनी डोळे मिटून नाव घेतलं असतं. पण नवे पाळक रविकिरण तरुण, पुण्याचे, घड्याळाचे गुलाम. गेल्या वर्षी उपासना लांबली आणि बाहेर तमिळ गायकवर्ग उन्हात भाजून निघाला, तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं होतं. ज्या नावाला साक्षीदार नाही ते इथून पुढे वेगळं घ्यायचं नाही. ते "आणि आमचे इतर सर्व प्रियजन" यात जाईल.

"इतर!" गेल्या रविवारी पद्माकर ओरडले होते. "अहो पाळकसाहेब, ज्यानं ही मंडळी उभी केली तो इतर?"

"काका, नियम त्यांचाच आहे," रविकिरण नम्रपणे म्हणाले होते. नम्र माणसाशी भांडता येत नाही, हे एक मोठंच दुखणं.

बरं, एक साक्षीदार मिळण्यासारखा होता, आणि तीच खरी भीती होती. मास्तरांची मुलगी अनुसूया. लग्न होऊन मिरजेला गेली ती तिकडचीच झाली होती. आता मुलानं येलहंक्याला घर घेतलं म्हणून नुकतीच इकडे आली होती. आज उपासनेआधी ती देवळाच्या दारात रिक्षातून उतरली. रिक्षावाल्याला "सरी सरी, होगप्पा" करून तिनं वाटेला लावलं आणि काठी पुढे टाकत पायऱ्या चढू लागली.

"सलाम, अक्का. ओळखलंस का?"

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पद्या ना? बाकी सगळं बदललंय. कान तेच आहेत."

"आज मास्तरांची..."

"मेणबत्ती आहे, माहीत आहे. आगगाडी सांगणार ना?" ती हसली नाही. "मिरजेपर्यंत पोचली तुझी आगगाडी. आमच्या पाळकांनी उपदेशात वापरली. बाबांनी भजन म्हटलं आणि पन्नास डब्यांची मालगाडी थांबली म्हणे."

"अक्का, ते काय आहे..."

"सांग की. तीच सांग. मी पुढच्याच बाकावर बसते, मला स्वल्प कमी ऐकू येतं."

आणि ती खरंच पुढच्या बाकावर जाऊन बसली. मांडीवर न पेटवलेली मेणबत्ती आडवी धरून, लाठी धरावी तशी.

पाठीमागच्या बाकावर पद्माकरांची बायको कल्पनाबाई त्यांच्या कानाशी लागल्या. "अहो, आगगाडी नको हं. मास्तर वेळेचे पक्के होते म्हणा. ती उठेल, मेणबत्ती लावेल, आपण घरी जाऊ."

"वेळेचा पक्का आपला दूधवाला पण आहे."

"मग दूधवाल्याला आणा साक्षीला!"

पद्माकरांना हसू आलं नाही. वेळेचे पक्के म्हटलं तर अनुसूया म्हणणार, घाबरला. आगगाडी सांगितली आणि ती बसून राहिली, तर मास्तर कायमचे इतरांत. पुनरुत्थानाच्या दिवशी मास्तर समोर उभे राहून विचारणार, 'पद्या, माझी मेणबत्ती तू फुंकलीस?' तेव्हा काय सांगायचं, की तुमचीच मुलगी उठली नाही?

तेवढ्यात ज्योतिबांचं नाव आलं. त्यांची बायको महानंदा पुढे गेली, पदर सावरून म्हणाली, "आमचे हे आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत." आणि रडायला लागली. मंडळीनं पद्माकरांकडे पाहिलं. पद्माकर उठले, पुढे गेले आणि पापणी न हलवता आपली मेणबत्ती तिच्या मेणबत्तीवर पेटवून आले. मैत्रीत माणसाला काय काय करावं लागतं!

परतताना अनुसूयेच्या भुवया वर गेलेल्या त्यांनी पाहिल्या. ज्योतिबाची गालफडंही हिला आठवत असणार.

बाहेर तमिळ गायकवर्ग आला होता. चपला काढल्याचे आवाज, कुणीतरी पेटीवर सूर धरून पाहिला. पाळकांनी मनगटाकडे नजर टाकली.

"नागनाथ मास्तर," ते म्हणाले.

पद्माकर पुढे गेले. मेणबत्ती तिसऱ्या काडीला पेटली.

"मास्तर," त्यांनी सुरुवात केली, "वेळेचे..."

पुढच्या बाकावर काठी जमिनीवर टक्कन आपटली. मुद्दाम की सुटली, कोण जाणे.

"वेळेचं राहू दे. मास्तरांचा आवाज सांगतो. मास्तरांनी यशवंतपुरात सूर लावला, तर येलहंक्यात गायी पान्हा सोडत. नाताळ होता. येलहंक्याला कीर्तन होतं. मास्तर पुढे, मी मागे, मी आठेक वर्षांचा. रूळ ओलांडताना माझा बूट दोन रुळांच्या फटीत अडकला. नवा बूट, त्याची नाडी मास्तरांनीच बांधलेली. ती गाठ आतल्या माणसालासुद्धा सुटत नसे. आणि वळणावरून मालगाडी आली."

मंडळी नेहमीसारखी पुढे झुकली. पोरांना ही गोष्ट पाठ होती, तरी ती झुकली. मेणाचा पहिला थेंब अंगठ्यावर पडला.

"मास्तर पळाले नाहीत. रुळात गुडघे टेकून बसले. एका हातानं मला धरलं, दुसऱ्यानं गाठ सोडवू लागले आणि त्यांनी भजन सुरू केलं. शिटी वाजत होती, तिच्या वर मास्तरांचा आवाज. आणि गाडी..."

इथे दरवर्षी डबे यायचे. चाळीस, पन्नास, एका वर्षी भरात साठ झाले होते. मग ड्रायव्हर टोपी काढून खाली उतरायचा. मग कोळसेवाला गुडघे टेकून बाप्तिस्मा मागायचा. आज पद्माकरांच्या घशातून एकही डबा बाहेर येईना. अनुसूया त्यांच्याकडे टक लावून बघत होती. दुसरा थेंब पडला, तिसरा पडला.

"गाडी मास्तरांच्या गाण्यानं थांबली," ते कसेबसे म्हणाले. "इंजिन इतकं जवळ, की त्याच्या वाफेनं माझे केस ओले झाले."

गोष्ट संपली. आता दुसरी मेणबत्ती.

कुणी हललं नाही. मागच्या बाकावर एक मूल खोकलं आणि आईनं त्याचं तोंड दाबलं. पाळकांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. बोटांवरून मेण मनगटापर्यंत उतरलं होतं, पण पद्माकरांना हात खाली घेववेना.

"कुणी साक्षीदार?" रविकिरण हळूच म्हणाले.

अनुसूया उठली.

"खोटं," ती म्हणाली. कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा असतो तसा तिचा आवाज, अख्ख्या देवळाला पुरेल असा. "बाबांच्या गाण्यानं गाडी थांबली नाही."

कल्पनाबाईंनी डोळे मिटून घेतले. पद्माकरांनी मेणबत्ती तोंडाजवळ आणली आणि छातीत श्वास भरला.

"फुंकू नकोस रे, थांब!" अनुसूया ओरडली. "गाडी मी थांबवली."

भरलेला श्वास पद्माकरांच्या छातीत तसाच राहिला.

"तू?" शेवटी ते म्हणाले. "तू होतीस तिथं?"

"कशी दिसेन तुला? डोळे मिटून बोंबलत होतास. मी पुढे होते, झांजा माझ्याकडे होत्या. बाबा म्हणाले, अनू, फ्रॉक काढ आणि गाडीकडे पळ. नाताळचा लाल फ्रॉक, सकाळीच घातलेला. मी परकरावर, रुळाच्या कडेनं, गाडीच्या दिशेनं पळाले. तो फ्रॉक डोक्यावर फिरवत." तिनं काठी डोक्यावर फिरवली, पहिल्या बाकावरचे दोघं वाकले. "ड्रायव्हरनं ब्रेक मारले, गाडी माझ्या बाजूनं धडधडत पुढे गेली आणि तुमच्याजवळ जाऊन थांबली."

"आणि मग ड्रायव्हर टोपी काढून..."

"ड्रायव्हर खाली उतरून मागे आला आणि त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. हा कान, बघ, अजून कमी ऐकतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"रेल्वेवाले पकडतील, कुणाला सांगू नकोस, म्हणाले बाबा. फ्रॉक काट्याला अडकून फाटला असं आईला सांगितलं, तर आईनं त्या काट्याचा राग माझ्या पाठीवर काढला." तिचा आवाज खाली आला. "आणि नंतर, बाबा असतानाच, तू सांगत सुटलेली ही गोष्ट कानावर यायला लागली. गाडी दरवर्षी वाढत गेली, पद्या. डबे वाढले, कोळसेवाल्याचा बाप्तिस्मा झाला. मी मात्र एकदाही त्या रुळावर आले नाही. मला वाटायचं, बाबांनीच मला वगळून तुला सांगितली असेल. मी पत्र पाठवणं बंद केलं. बाबा गेले तेव्हा मी दोन दिवस उशिरा पोचले."

"मास्तर मला कधीच काही बोलले नाहीत, अक्का," पद्माकर म्हणाले. "मी फक्त गाणं ऐकलं. कानाशी गाणं होतं आणि गाडी थांबली. मला वाटलं, गाण्यानंच."

"भजन तुझ्यासाठी नव्हतं रे." तिनं काठी बाकाला टेकवून ठेवली. "त्या रात्री मी विचारलं त्यांना. बाबा, मरायच्या वेळी गात काय बसलात? म्हणाले, तू पाठ करून पळत होतीस. मागे वळून बघितलं असतंस तर थांबली असतीस. आवाज येतोय म्हणजे बाबा आहेत, एवढं तुला कळत राहावं म्हणून गायलो. मी त्या आवाजावर पळाले."

बाहेरची पेटीसुद्धा थांबली.

"काकू," रविकिरण चाचरत म्हणाले, "म्हणजे मग साक्ष जुळते की नाही? यांनी म्हटलं गाण्यानं थांबली, तुम्ही म्हणता..."

"पाळकसाहेब, पळवलं मला कुणी?" अनुसूया म्हणाली. "ते बघा तुम्ही."

ती दोन पावलं पुढे आली आणि आपली मेणबत्ती तिनं पद्माकरांच्या मेणबत्तीला लावली. वाती एकमेकींना चुकवत राहिल्या. शेवटी तिनं त्यांचं मनगट, मेणासकट, घट्ट धरलं. वात पेटली.

"नागनाथ मास्तर," पाळकांनी मोठ्यानं नाव घेतलं. घड्याळाकडे न पाहता त्यांनी ते पुन्हा एकदा घेतलं. मंडळी "आमेन" म्हणाली, आणि दाराबाहेरून तमिळ गायकवर्गानंही काही न कळता "आमेन" म्हटलं.

आपापल्या बाकाकडे परतताना अनुसूया पद्माकरांच्या कानाशी वाकली. "पुढच्या वर्षी मला रुळावर आण. आणि डबे तेवढे कमी कर."

"रुळावर आणतो, अक्का," पद्माकर अंगठ्यावरचं मेण सोलत म्हणाले. "डब्यांचं काही सांगत नाही."