सुलेखाचं पाचारण

चर्चमधली रविवारची उपासना संपून मंडळी चहाला जमली होती. तेवढ्यात पुण्याहून लेकीकडे आलेल्या रेव्हरंड कमलाकर रणनवरे यांनी लेकीला न विचारताच जाहीर करून टाकलं, "नाताळनंतर आमची सुलेखा सिंगापूर सोडतेय. संगमनेरजवळच्या आपल्या मिशनच्या शाळेत सेवेला येतेय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुलेखाच्या हातातला चहा बशीत सांडला.

बंदरालगतच्या हार्बरफ्रंट भागातल्या एका शिपिंग कंपनीत ती खलाशांचं काम बघायची. कोण कुठल्या बोटीवर चढणार, कोण उतरणार, कोण आजारी आहे, सगळं तिच्याकडे. ती जन्मली तेव्हा जगायची आशा नव्हती, म्हणून आईनं तिला देवाला वाहिलं होतं. आई गेली. ते वाहणं बाबांनी धरून ठेवलं.

तिनं त्यांना दाराबाहेर नेलं. "हे कोणी ठरवलं?"

"देवानं. बोटींच्या मागे धावायला त्यानं तुला वाचवलं नाही."

"मग त्यानं मला सांगावं. माझे निरोप तुमच्याकडे कशाला ठेवतो?"

बाबा उत्तर देणार, तोच तिचा फोन वाजला. बंदराबाहेर नांगरलेल्या एका बोटीचा कॅप्टन होता. बोटीवरचा स्वयंपाकी इस्माईल, रत्नागिरीचा, कालपासून पोट धरून लोळतोय. ताप चढलाय. बोट संध्याकाळी निघणार आणि पुढचं बंदर बरंच लांब. मॅनेजर म्हणतात, गोळ्या द्या.

तिनं मॅनेजरला, उन्मेषला, घरी फोन लावला.

"सुलेखा, आज रविवार आहे गं. बोट थांबवली तर वर मला उत्तर द्यावं लागेल."

"आणि तो वाटेत मेला तर त्याच्या बायकोला कोण उत्तर देईल? तू?"

"इमोशनल होऊ नकोस."

"माणूस तडफडतोय आणि तू मला शांत राहायला शिकवतोस? लाज नाही वाटत?" ती इतक्या जोरात ओरडली की आतली मंडळी वळून बघू लागली. "त्याला किनाऱ्यावर आणायला मी लाँच पाठवतेय. तुझी परवानगी नाही मागत, कळवतेय."

"उद्या माझ्या केबिनमध्ये ये," म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिनं लाँच ठरवली, धक्क्यावर अँब्युलन्स बोलावली आणि टॅक्सी थांबवली. बाबाही मागोमाग बसले.

"त्याच तोंडानं आत्ता प्रार्थना केलीस ना?" ते म्हणाले.

"हो, त्याच तोंडानं. शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी वाळल्या हाताच्या माणसाला बरं करताना प्रभू आड येणाऱ्यांवर रागावला होता, हे तुम्हीच मला शिकवलंत. ते फक्त व्यासपीठावरून सांगायला होतं का?"

टॅक्सी धक्क्यावर थांबली तेव्हा बाबा तिच्या आधी उतरले.

लाँचमधून स्ट्रेचर उतरवलं, तेव्हा इस्माईलचे ओठ पांढरे पडले होते. "मॅडम, घरी कळवू नका," तो पुटपुटला. बाबांनी पुढे होऊन त्याचा हात धरला आणि न विचारताच त्याच्यासोबत अँब्युलन्समध्ये चढले.

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, तरी धोका टळला असं डॉक्टर म्हणेनात.

सोमवारी उन्मेषनं तिला दुसऱ्या विभागात जायला सांगितलं. तिथं खलाशांचे फोन येणार नव्हते.

"नाही जाणार," ती म्हणाली. "काढायचं तर नोकरीवरून काढ. का काढलंस ते मी वरच्यांना स्वतः सांगेन. पण मला याच कामासाठी इथं ठेवलंय."

"कोणी ठेवलंय?"

"तुझ्यापेक्षा वरच्यानं."

तो हसला. ती हसली नाही. त्यानं तिला लेखी समज दिली, पण खलाशांचं काम तिच्याकडेच राहिलं.

इस्माईल हळूहळू सावरू लागला. बाबा रोज हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याच्याजवळ बसत. पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी सुलेखाच्या वुडलँड्समधल्या फ्लॅटमध्ये बॅग भरता भरता ते म्हणाले, "तुझ्या आईनं तुला देवाला वाहिलं होतं. शाळेचं नाव तिनं घेतलं नव्हतं. ते मीच जोडलं."

"हे आत्ता सांगताय?" सुलेखाचा आवाज पुन्हा चढला. "इतकी वर्षं दर रविवारी मी मान खाली घालून बसले, देवाला फसवतेय असं वाटून!"

बाबांनी शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली. "शाळेला काय कळवू?"

"येणार नाही म्हणून कळवा. आणि मी देवाचं पाचारण नाकारलं असं लिहू नका. तेवढं खोटं आता पुरे."

"नाही लिहिणार," बाबा म्हणाले.

तिचा राग ओसरला नव्हता. ती तशीच उठली आणि बॅगेची अडकलेली चेन ओढू लागली.