रुळण्याची वही

आमच्या शाळेला भिंती नाहीत, पण वह्या तीन आहेत. एक हजेरीची. एक गोचिडांची, म्हणजे कोणाच्या अंगावर, कुठे आणि कधी सापडली त्याची. आणि तिसरी रुळण्याची.

नवं मूल आलं की सुरुवातीचे काही आठवडे त्याची आई किंवा बाप शाळेच्या वेळात आमच्याबरोबर जंगलात, म्हणजे वर्गातच, थांबतो. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटं हेझलच्या झुडपाआड जातो, मग वीस मिनिटं, मग गाड्या लावतात तिथपर्यंत, मग थेट घरी. मूल किती रडलं, कोणाजवळ शांत झालं, हे सगळं मी लिहिते. शेवटी एके दिवशी लिहिते 'रुळली' किंवा 'रुळला'. पालक सही करतात आणि सुटतात. त्या एका शब्दावर माझ्याशी कोणी वाद घालत नाही. वीजबिलावर वाद घालणारे लोकही घालत नाहीत.

बावीस वर्षांच्या वह्यांवरून सांगते, मूल साधारण अकरा दिवसांत रुळतं. आईला एकोणीस लागतात. बापांचा मात्र हिशेब बसत नाही. ते तिसऱ्या दिवशी पळून तरी जातात, नाहीतर झाडाच्या खुंटावर बसून मुळं धरतात.

योस्टने मुळं धरली. खतपाणी माझं होतं.

योस्ट म्हणजे चार वर्षांच्या फेन्याचा बाप. पवनचक्क्या दुरुस्त करणारा, उंच, आठवड्याला मोजून चाळीस वाक्यं बोलणारा. पोरीला शाळेत रुळवायचं म्हणून त्याने नोकरीवरून रजा घेतली होती. बायको मारेन इस्पितळात पहाटपाळीला जाते, तिला जमणारं नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो आला, तेव्हा मी सगळ्यांना सांगते तेच त्यालाही सांगितलं : "या खुंटावर बसायचं आणि कंटाळवाणं व्हायचं. खेळायचं नाही, गोष्टी सांगायच्या नाहीत. पोरीला वाटलं पाहिजे, बाबापेक्षा चिखल बरा."

"ते मला जमेल," तो म्हणाला. आणि जमलंच.

पंचवीस सप्टेंबरला फेन्या चिखलात भाकरी थापत होती. योस्ट म्हणाला, "मी निघतो गं." तिने मान वर न करता विचारलं, "अजून इथेच आहेस?" हे मी त्याच दिवशी वहीत लिहिलं, शब्दन् शब्द. पुढे 'रुळली' लिहायचं तेवढं सोमवारवर ठेवलं.

सोमवारी गेशे आली नाही. गेशे म्हणजे आमच्या शाळेतलं दुसरं मोठं माणूस. वॅगनच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या लाकडी खोलीच्या, शेगडीसाठी ओंडका उचलताना तिच्या पाठीचा मणका सरकला होता. पंधरा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीतच, एक पुढे आणि एक शेपटाला. दुसरं नसेल तर शाळा बंद, असा जिल्ह्याच्या कचेरीचा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. आमची मुलं वाटेवर पुढे पळतात, ठरलेल्या झाडापाशी थांबतात, तिथे मोजणी होते, मग पुढचं झाड. मागे राहून गोगलगाय बघणारं पोर पुढच्या माणसाला दिसत नाही.

खुंटावर योस्ट बसलेला होता. दोन हात, दोन पाय, कंटाळवाणा.

"आजच्या दिवस शेपटाला चालशील?" मी विचारलं. तो उठला. त्या दिवशी मी फेन्याच्या पानावर लिहिलं : 'अजून घाई नको.'

पुढचे नऊ आठवडे मी तेच लिहिलं. शब्द थोडे फिरवून. 'बापाकडे अधूनमधून बघते.' बघायचीच, तो झाडावर चढून मुलांची दोरी सोडवत असायचा, तर सगळेच बघायचे. 'वियोगाची चाहूल लागताच गप्प होते.' खरं म्हणजे तिच्या तोंडात काळा पाव आणि कलेजीचं सॉसेज होतं.

योस्टने लाकडं फोडली. वॅगनचं छत गळायचं ते थांबवलं. कोरड्या संडासाची बादली रिकामी करून त्यात भुसा टाकणं हे काम माझ्या हातून त्याच्याकडे कधी गेलं, ते मला आठवतही नाही. पंधरा मुलांचे तीस हातमोजे. दुपारपर्यंत ते एकतीस कसे होतात हे कोडं बावीस वर्षांत सुटलं नाही, पण ते वाळत घालायचं काम तरी योस्ट करायला लागला. मी दुपारी घरी जाऊन ओले बूट न काढता खुर्चीत बसायची, आणि उठायचं कसं याचा विचार करता करता अंधार व्हायचा. आमच्याकडे नोव्हेंबरात तो चारलाच होतो.

पालकांच्या मंडळाचा अध्यक्ष एन्नो. तोही एक बाप, नगरपालिकेत नकाशे तपासतो, सगळ्या गोष्टींची रंगीत यादी करतो. ऑक्टोबरच्या बैठकीत त्याने विचारलं, "गेशेच्या जागी माणूस?"

"आहे," मी म्हणाले.

त्याने चौकोन हिरवा केला.

अडीनडीला येऊ शकणाऱ्या पालकांची यादी वॅगनच्या दारावर लटकत होती. तीही एन्नोचीच. चौदा नावं, आणि प्रत्येकापुढे शेरा. 'फक्त मंगळवारी, आधी कळवल्यास.' 'अगदीच कोणी नसेल तर.' 'आनंदाने! एप्रिलपासून.' एन्नोचा स्वतःचा शेरा होता, 'समन्वय बघेन.' ही यादी मी रोज वाचायची आणि रोज ठरवायची की यांच्या दारात जाऊन उभं राहण्यापेक्षा फेन्याला आणखी एक दिवस न रुळलेली ठेवू.

सत्तावीस नोव्हेंबरला, गुरुवारी, मुलं कुंपणाशी मेलेला उंदीर पुरत होती. योस्ट लाकडं फोडता फोडता थांबला.

"साहेबाचा फोन होता," तो म्हणाला. "सोमवारी साडेआठला हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला देणार."

"मग?"

"नाही सांगणार आहे. वही म्हणते, घाई नको. नोकरी मिळेल पुढेमागे. पोरीचं एकदा बिघडलं तर..." त्याने कुऱ्हाड उचलली. आठवड्याची चाळीस वाक्यं गुरुवारीच संपत आली होती.

तेवढ्यात फेन्या फावडं घेऊन आली. "बाबा, तुझ्या खुंटावर बस ना. उंदराचं चाललंय, मधे येऊ नको."

ती गेली. मी त्या खुंटाकडे बघत होते. बसून बसून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"योस्ट, ती रुळलीय."

"आज?"

"पंचवीस सप्टेंबरला."

कुऱ्हाड लाकडात रुतलेली राहिली. तो मुलांकडे वळला. उंदरावर माती कोण टाकणार यावरून तिथे भांडण चाललं होतं.

"तू रोज लिहीत होतीस," तो म्हणाला.

"रोज नाही. आठवड्यातून दोनदा." हिशेब नेमका ठेवायची खोड अशा वेळीसुद्धा जात नाही माणसाची.

"मारेन रडते, ठाऊक आहे? आपण पोरीला लवकर सोडायला निघालो, तिच्यात काहीतरी तुटलंय, म्हणते. वहीतली वाक्यं पाठ आहेत तिला."

गेशेची पाठ, कचेरीचा नियम, माझे गुडघे, सगळं सांगता आलं असतं. पण मारेनच्या रडण्यापुढे त्यातलं काहीच मांडण्यासारखं नव्हतं.

"माणूस हवा होता तर मागायचा की, विब्के."

"मागितला असता तर तू आला असतास?"

"नसतो आलो." त्याने कुऱ्हाड सोडवली. "पण आणखी चौदा घरं आहेत. कोणाला तरी लाज वाटली असती. तू ती वेळच येऊ दिली नाहीस."

शुक्रवारी तो आला, शेपटाला चालला, मुलं बरोबर मोजली. निघताना वही मागून घेतली. पंचवीस सप्टेंबरच्या ओळीपुढे मी 'रुळली' लिहिलं, त्याने सही केली. मग मागची पानं उलटून पहिल्या 'घाई नको'पासून शेवटच्यापर्यंत सगळी वाचली. मी तिथेच उभी होते.

एन्नोला मी गुरुवारीच फोन केला होता.

"पण माझ्याकडे हिरवं आहे," तो म्हणाला.

"लाल कर."

"आत्ता सांगतेस?"

"नऊ आठवडे उशिरा सांगतेय. सोमवारी माणूस लागेल."

त्याने सगळ्यांना पत्र धाडलं. रविवारपर्यंत अकरा उत्तरं आली. अकराही जणांनी गेशेला लवकर बरं वाटो म्हटलं होतं. दोघांनी फुलांचं चित्र जोडलं होतं.

सोमवारी पावणेआठला गाड्या लावतात तिथे मी उभी राहिले. पाऊस असा होता की पडतोय की नुसता लोंबतोय ते कळत नव्हतं. पालक येत गेले, पोरं पावसाळी विजारी सावरत उतरत गेली, आणि मी सगळ्यांना एकदाच सांगितलं. योस्टच्या पोरीबद्दल वहीत खोटं लिहिलं, नऊ आठवडे, कारण मला माणूस हवा होता आणि तुमच्यापुढे हात पसरायची लाज वाटत होती. आज माझ्याबरोबर कोणी नाही. एक मोठं माणूस मिळालं तर जाऊ, नाहीतर शाळा बंद.

सगळे खाली बघायला लागले. जमिनीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मला साडेनऊला..." एकजण म्हणाला.

"मंगळवार असता तर," मंगळवारवाली म्हणाली. खरंच हळहळली बिचारी.

योस्ट कामाच्या कपड्यांत आला होता. पाठीवर पट्टे, कमरेला आकडे. फेन्याचा हात सोडून तो घड्याळ बघत होता. तिथून कारखाना पस्तीस मिनिटांवर, आणि मारेन पहाटेच कामावर गेलेली. कोणी पुढे येत नाही असं बघून त्याने पाठीवरची पिशवी काढायला सुरुवात केली.

"आजच्या दिवस..." तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "पिशवी घाल. जा तू."

"आणि हिला?"

"शाळा बंद आहे. फेन्या माझी पाहुणी आहे. एक म्हातारी आणि एक पोर जंगलात फिरायला चाललीत. दुपारी मारेन तिला माझ्या घरून नेईल. निघ, पस्तीस मिनिटं लागतात."

"विम्याचं काय?" एन्नोने विचारलं.

"फिरायला विमा लागत नाही, एन्नो."

योस्टने फेन्याच्या टोपीवर हात ठेवला. "जाऊ?"

"जा ना," ती म्हणाली. "मला उंदराचं बघायचंय."

तो गेला. मी तिचा हात धरून वाटेला लागले. मागे चौदा मुलांनी एकदम गळा काढला. शाळा बंद म्हणजे काय ते त्यांना तेव्हा कळलं. फेन्या उंदराकडे चाललीय आणि आपण घरी. एन्नोचा मुलगा सगळ्यात मोठ्याने रडत होता आणि बापाच्या ऑफिसच्या बुटांवर लाथा मारत होता. तो ते रीतसर करत होता, आधी उजवा बूट, मग डावा. गुण कोणाकडून आलाय ते दिसत होतं.

मी थांबले नाही. थांबून मागे बघण्याएवढं बळ नव्हतं, खरं सांगायचं तर. पहिलं झाड, फुटक्या बुंध्याचा बीच, आलं तेव्हा मागून पाण्यात चपचप पावलं वाजली.

"थांब!" एन्नो ओरडत होता. "थांब जरा! मी माझ्या ऑफिसात कळवलंय, दुपारपर्यंत येत नाही म्हणून. पण हे बूट..."

त्याच्याभोवती चौदा पोरं उड्या मारत होती. त्याचे बूट आणि मोजे गेलेच होते, विजार गुडघ्यापर्यंत काळी.

"वॅगनखाली योस्टचे जुने रबरी आहेत," मी म्हणाले. "दोन मापं मोठे होतील."

"मी नेमकं काय करायचं?"

"शेपटाला चालायचं. कोणी मागे राहिलं तर त्याच्या मागे राहायचं. झाडापाशी आलो की मोजायचं."

त्याने बोट नाचवत मोजलं. "सोळा."

"स्वतःला धरू नकोस."

"पंधरा."

दुपारी मारेन शाळेतच आली. फेन्याने तिला उंदराची कबर दाखवली, वर खोचलेली काडी दाखवली. मारेनने सगळं नीट पाहिलं. मी काहीतरी बोलायला गेले, तर ती म्हणाली, "आज नको." आणि पोरीला घेऊन गेली. योस्ट वेळेवर पोचला एवढं फेन्याकडून कळलं, दुसऱ्या दिवशी. तो माझ्याशी अजून धड बोलत नाही. सकाळी मान हलवतो. माझ्या हिशेबाने तेही जास्तच आहे.

सगळे गेल्यावर एन्नो वॅगनमध्ये शेगडीपुढे पाय पसरून बसला होता, अंगठ्याला फोड आलेला. दारावरची आपली यादी वाचत होता. वाचता वाचता त्याने आपल्या नावापुढचा 'समन्वय बघेन' खोडला, आणि त्या जागी काय लिहावं ते न सुचून पेन्सिल चावत राहिला.

"उद्या मंगळवार आहे," तो म्हणाला.

"आहे."

"तिला मी फोन करतो. आधी कळवायचं म्हणते ना, हे घे, कळवलं. आणि बुधवारी?"

मी हातमोजे मोजत होते. एकतीस. "बुधवारचं बुधवारी," म्हणाले, आणि ते वाळत घालायला उठावं की नाही, याचा विचार करत बसले.