ओठ दिसले पाहिजेत

गेलं वर्षभर दर रविवारी तेच रडगाणं. परगावी दिलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल लागायचा, तिचा चेहरा यायचा, ती बोलायला तोंड उघडायची आणि तशीच थिजायची. मग पडद्यावर नुसते चौकोन. आवाज मात्र नीट यायचा म्हणे. त्याचा काकूंना काय उपयोग? पाच वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. तेव्हापासून त्या ओठ वाचायच्या, आणि असं वाचायच्या की कुणी ओठांतल्या ओठांत शिवी घातली तरी त्याची खैर नसायची. पण चौकोनांचे ओठ कोण वाचणार, कपाळ!

मग काकांची मध्यस्थी. बापलेकीचं बोलणं दहा मिनिटं, आणि काकूंच्या पदरात तीन शब्द: "मजेत आहे म्हणते."

"दहा मिनिटं मजेतच म्हणत होती?"

"अगं, तुला मेसेज करते ना ती रोज."

मेसेज! "मजेत" लिहायला काय लागतं? ते म्हणताना तोंड कसं होतं, ते आईला बघायचं होतं. घर डोंगरउतारावर, तिथं मोबाइलला रेंज नाही, म्हणजे सगळी भिस्त घरच्या इंटरनेटवर. आणि काकांचं एकच पालुपद, "टेलिफोन एक्सचेंज साडेचार किलोमीटर लांब. येता येता लाइनचा जीव जातो. आपण काय करणार?" तक्रार नोंदवा म्हटलं की, नोंदवतो. नोंदवली का, तर उद्या. वर्षभर घोंगडं भिजत पडलं.

शेवटी काकूंचं डोकं फिरलं. त्या स्वतः टेलिफोन ऑफिसात गेल्या आणि लाइनमनला जवळजवळ बखोटीला धरून घेऊन आल्या. त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या. "मिशा वर धरून बोल," काकूंनी दम दिला, आणि तो बापडा खरंच दोन बोटांनी मिशा धरून बोलू लागला.

"काकू, एक्सचेंज उचलून मी तुमच्या दारात आणू शकत नाही. पण घरात हे काय करून ठेवलंय?"

दाराजवळच्या टेलिफोनच्या डबीतून निघालेली वायर कपाटामागून, जिन्यावरून, वरच्या खोलीतल्या राउटरपर्यंत गेली होती. वाटेत टेप गुंडाळलेले तीन जोड, शिवाय बंद पडलेल्या जुन्या फोनकडे गेलेला एक फाटा. "लाइन आधीच दमून येते, त्यात तुम्ही तिला घरभर हिंडवता. कुणी केलं हे?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

लाइनमननं फाटा काढून टाकला, राउटर थेट दाराजवळच्या डबीला जोडला आणि वेग मोजला. तिप्पट!

"आता काय चपलांपाशी बसून बोलायचं?" काका कुरकुरले.

"चपलांवर बसेन," काकू म्हणाल्या.

रविवारी त्या दाराशी स्टूल टाकून बसल्या. शेजारी खुर्चीवर काका. कॉल लागला आणि लेक दिसली, पापण्यांसकट लख्ख. तिला बिचारीला काय ठाऊक इथं काय बदललंय ते! आईला ऐकू येत नाही, दिसतात ते चौकोन, या भरवशावर ती वर्षभर आईच्या तोंडावर मनातलं बोलत आली होती.

"बाबा, आईला अजून सांगितलं नाहीत ना? मी यांच्यापासून वेगळी राहते ते?"

काकूंचा एकही शब्द चुकला नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

लेक जागच्या जागी थिजली. काका घाईनं काकूंकडे वळले आणि रोजच्या सवयीनं, ओठ नीट हलवत म्हणाले, "अडकलं बघ परत."

अडकलं नव्हतं. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, हनुवटीपर्यंत ओघळलं, आणि काकूंना ते सबंध दिसलं.

"तुम्ही उठा इथून," त्या काकांना म्हणाल्या. मग स्टूल पुढं ओढून पडद्याशी वाकल्या. "हं, बोल. सावकाश बोल. पहिल्यापासून सांग."