सवाष्ण जेवून गेली

"आई, सच बता, ये लोग हमारी हालत देखने आ रहे हैं या दावत खाने?"

शेजारच्या नयनाकाकूंकडून मागून आणलेली खुर्ची शर्वरीने दारातच टेकवली आणि कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. प्रतिमा पाट्यावर पुरण वाटत होती. तिचा हात थांबला नाही.

"दावत कसली मेली! श्रावणातला शुक्रवार आहे. सवाष्ण जेवू घालायचीच असते. हेमाताई आपल्या पायाने दारात येतायत, मग मी दुसरी कुठे शोधू?"

"पर आई, आज के दिन..."

"खुर्ची आत आण आधी. जगदीशराव काय ट्रंकेवर बसणार?"

शेजारपाजारच्यांचा सावन त्यांच्या पंचांगाप्रमाणे राखीपौर्णिमेला संपला होता. लखनौतल्या जानकीपुरमच्या त्या गल्लीत श्रावण फक्त या दोन खोल्यांत उरला होता. भिंतीवर जिवतीचा कागद, त्यापुढे पुरणाचे दिवे. या एका दिवसासाठी प्रतिमाने आषाढापासून दुधावरची साय बाजूला काढली होती. घरात तिघांचाही चहा त्या दिवसांत पांचट झाला होता, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

शर्वरीला फार्मसीच्या कॉलेजात जागा मिळाली होती. तिचे बाबा, मधुसूदन, यांची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. आता ते हजरतगंजात एका औषधाच्या दुकानात माल उतरवून घ्यायचे, नोंदवायचे. त्या पगारात भाडं आणि किराणा भागे, कॉलेजची फी नाही. सरकारी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर मूळ गाव वाचून बाबू म्हणाला होता, "आप तो महाराष्ट्र के हैं, वहीं अप्लाई कीजिए." पुण्याच्या एका संस्थेला लिहिलं, तर उत्तर आलं की मदत महाराष्ट्रात शिकणाऱ्यांनाच मिळते. मुलगी जन्मली लखनौत, वाढली लखनौत, आणि दोन्हीकडच्यांना ती परकी!

राहिला होता इथल्याच मराठी मंडळींनी चालवलेला कमलाबाई स्मृती निधी. त्यांची रीत अशी, की सगळे कागद बघून झाले की निधीची दोन माणसं घरी येऊन परिस्थिती बघत आणि मग ठरवत. फी भरायला पुढच्या शनिवारपर्यंत मुदत होती.

आज येणाऱ्या त्या दोघांपैकी जगदीशराव बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आत येतानाच त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"व्वा! वहिनी, हे काय, पुरण? लखनौत?"

"शुक्रवार ना आज," प्रतिमा हळूच म्हणाली. "हेमाताई, तुम्ही नाही म्हणायचं नाही हं. सवाष्ण म्हणून बसायचं."

हेमाताई एका शास्त्रज्ञाच्या पत्नी. त्यांनी जरा आढेवेढे घेतले. "अहो, आम्ही कामाला आलोय." पण पाट मांडलेला बघून त्या बसल्या. प्रतिमाने त्यांचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. जगदीशरावांना मधुसूदननी खुर्चीवरच ताट दिलं.

"तूप घरचं दिसतंय," पोळीचा तुकडा बुडवत जगदीशराव म्हणाले. "दूध किती घेता रोज?"

"असंच... थोडंसं," प्रतिमा म्हणाली. पाहुण्याला वाढताना त्या पदार्थाची अडचण कुणी सांगतं का?

"खुर्ची छान आहे हो. नवी?"

शर्वरीने तोंड उघडलं. "अंकल, ये तो बगलवाली..."

"शर्वरी, आमटी आण," प्रतिमा म्हणाली.

"मराठी बोलत नाही वाटतं मुलगी? फार्मसीत औषधांची नावं तरी पाठ होतील का गं?" जगदीशराव हसले. मधुसूदनही हसले, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

निघताना प्रतिमाने हेमाताईंची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. तो खण तिला माहेरहून आला होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. फुटाणे आणि दूध दिलं. हेमाताईंचे डोळे भरून आले. "किती वर्षांनी हो असं," त्या म्हणाल्या. "माझी आई आठवली."

त्या गेल्यावर प्रतिमा देवापुढे बसली. आज देवीच जेवून गेली, असं तिला मनापासून वाटलं.

गुरुवारी निधीच्या कचेरीत बोलावलं होतं. हजरतगंजातल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली. मधुसूदनना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मायलेकीच गेल्या.

"बसा वहिनी," जगदीशराव म्हणाले. "मुलगी हुशार आहे, त्यात वाद नाही. पण कमिटीला गरज तितकीशी वाटली नाही."

प्रतिमाला आधी कळलंच नाही. "उत्पन्नाचा दाखला दिलाय ना आम्ही?"

"दाखले काय, सगळेच देतात. म्हणून तर आम्ही घर बघतो. तुमचं घर कसं, खाऊनपिऊन सुखी. पुरणपोळी, साजूक तूप, नवी खुर्ची. ज्या मुलाला आम्ही मदत दिली ना, त्याच्याकडे बसायला सतरंजी नव्हती. पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी."

"मी तर घरी जाऊन यांना म्हटलं," हेमाताई कौतुकानेच बोलत होत्या, "अहो, इतकं साग्रसंगीत आपल्याकडेही होत नाही आता!"

प्रतिमाने त्यांच्याकडे पाहिलं. हिचे पाय मी धुतले. हिच्या ओटीत मी माझ्या आईचा खण घातला. आणि ही ताटातले पदार्थ मोजत होती! पण आवाज चढवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"हेमाताई," ती म्हणाली, "देवाला घासातलं काढून वाढतात हो. उरलेलं नाही वाढत. तुमच्याही आईने तसंच वाढलं असेल."

हेमाताईंनी पदर सारखा केला आणि त्या खिडकीकडे बघू लागल्या.

"हे बघा, भावनेत जाऊ नका," जगदीशराव म्हणाले. "मुलीचं नुकसान व्हावं असं आम्हालाही वाटत नाही. एक वाट आहे. खास बाब म्हणून थोडे पैसे राखून ठेवलेले असतात. उद्या आम्ही पुन्हा येतो. या वेळी काही करू नका, घर आहे तसं दाखवा. आणि दोन ओळी लिहून द्या, की मागच्या खेपेला जे केलं तो नुसता देखावा होता. म्हणजे कमिटीला कारण दाखवता येईल."

"देखावा?"

"शब्द हो. एक शब्द."

"उद्याही शुक्रवारच आहे, जगदीशराव," प्रतिमा म्हणाली. "हेमाताईंना मी दारातून कोरडं पाठवू? आणि देवीपुढे जे केलं, ते खोटं होतं म्हणून सही करू?"

खालून रिक्षांच्या घंटा ऐकू येत होत्या. प्रतिमाची नजर शर्वरीकडे वळली. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. तिच्यासाठी एक शब्द लिहायचा की नाही? देवी आईच आहे, ती रागावणार नाही. एवढं मनात येऊन तिने हात पुढे केला. "आणा कागद," ती म्हणाली.

शर्वरीने तो हात धरून खाली केला.

"नहीं अंकल. ये नहीं लिखेंगी."

"बेटा, तुझ्याच भल्याचं..."

"आपने खाया था ना? दो बार पूरण माँगा था. तब देखावा नहीं लगा?" ती उभी राहिली. "चल, आई."

जिन्यावर प्रतिमा म्हणाली, "वेडी आहेस का तू? मी लिहीत होते ना!"

"मालूम है. इसीलिए तो रोका."

शनिवारी सकाळी प्रतिमा फार्मसी कॉलेजच्या कचेरीत शर्वरीबरोबर उभी होती. फी भरली नाही, तर जागा संध्याकाळी आपोआप गेलीच असती. पण चौकशी केल्यावर बाबू म्हणाला होता, की जागा सोडल्याचं सकाळीच लिहून दिलं तर प्रतीक्षा यादीतल्या मुलीला आजच बोलावता येतं, नाहीतर तिलाही पुढच्या आठवड्यात खेप पडते. "मग आपण येऊन देऊ," असं शर्वरीच म्हणाली होती. बी.एस्सी.चा अर्ज नंतर भरायचा होता. ते कॉलेज घराजवळ होतं, फीही कमी होती.

शर्वरीने सही केली. शिपायाने बाहेर येऊन हाक मारली, "विभा सक्सेना!"

व्हरांड्यातल्या बाकावरून एक मुलगी ताडकन उठली. तिच्या वडिलांच्या हातातली फाइल खाली पडली, कागद पसरले. प्रतिमाने वाकून दोन कागद उचलून त्यांच्या हातात दिले. "अरे बहनजी, माफ़ कीजिए," म्हणत ते घाईने आत शिरले.

खिडकीपाशी त्या मुलीने पर्स चाचपली, खिसे चाचपले. मग मागे वळून शर्वरीला म्हणाली, "सुनो, एक मिनट पेन दोगी?"

शर्वरीने पेन उघडून तिच्या हातात दिलं.

मुलगी भराभरा लिहीत होती. मायलेकी भिंतीला टेकून, तिचं लिहून होईपर्यंत थांबल्या.