बॅच क्रमांक १०१

कुसुमताई परचुऱ्यांच्या कारळ्याच्या चटणीच्या प्रत्येक पाकिटावर 'बॅच क्र. १०१' छापलेलं असे. आकडा त्यांच्या यजमानांनी, अनंतरावांनी, निवडला होता. शंभरावर एक, शकुनाचा. आहेराच्या पाकिटात चालतो, तर चटणीच्या पाकिटावर का नाही? प्रत्येक खेपेला वेगळा क्रमांक द्यायचा असतो, काही बिघडलं तर तेवढीच खेप परत मागवता यावी म्हणून, हे सुनेने, ऋचाने, परवाना काढतानाच सांगितलं होतं. त्यावर बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ म्हणाले, "दर खेपेला नवं लेबल छापायला छापखानेवाला माझा जावई लागत नाही." आणि अप्पा बळवंत चौकातून वर्षभराची लेबलं एकदम छापून आणली. पॅकिंगचा महिना तेवढा शिक्क्याने उमटवायचे. नियम पाळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की कुसुमताईंनी पुन्हा विषय काढला नाही.

मंगळवारी सकाळी त्या कर्वेनगरच्या घरी पाकिटं भरत असताना नाजिमाचा फोन आला. नाजिमा येरवड्याची, शाळेत शिक्षिका, जुनं गिऱ्हाईक. तिच्या मुलाला, एजाजला, शेंगदाणा चालत नाही. नुसतं कूट पोटात गेलं तरी ओठ सुजतात, गळा आवळतो. म्हणून तर ती ही चटणी घ्यायची. "यात दाणे नाहीत ना, काकू?" असं तिने पहिल्याच वेळी विचारलं होतं आणि कुसुमताईंनी ठासून नाही म्हटलं होतं.

"काकू, चटणीत दाणे होते?" आज तिने आधी हेच विचारलं. "एजाजला दवाखान्यात आणलंय. नवीन पाकीट फोडलं, पोळीला लावून दिली, दोन घास खाल्ले असतील. इंजेक्शन दिलंय. आता श्वास घेतोय नीट."

"मुळीच ना..." म्हणता म्हणता कुसुमताई थांबल्या. या महिन्यातली एक खेप कडवट लागली होती. कारळेच तसे निघाले होते. तेव्हा त्यांनी काय केलं? जे त्यांच्या आईने केलं असतं, सासूने केलं असतं, तेच. फडताळातला डबा काढला आणि मूठभर दाण्याचं कूट घातलं. आपल्याकडे भाजी बेचव झाली की कूट, कोशिंबीर आंबट झाली की कूट. हाताने घातलं, डोक्यापर्यंत पोचलंच नाही.

"होते गं," त्या म्हणाल्या. "एका खेपेत होते. माझ्या हातून घातले गेले."

नाजिमा रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. घाईने म्हणाली, "बॅच नंबर सांगा. आमचा आयांचा ग्रुप आहे, सगळ्यांच्या मुलांना दाण्याचा त्रास. मीच सगळ्यांना ही चटणी सांगितली होती. आज कितीतरी जणींनी डब्यात दिली असेल."

कुसुमताईंनी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. "नंबर नाही गं. म्हणजे आहे, पण सगळ्यांवर एकच आहे. महिन्याच्या शिक्क्यावरूनही खेप कळायची नाही. सगळीच फेकायला सांग."

अनंतराव चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानात धावले. "चटणी परत द्या," त्यांनी दम खात सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "कुठली खेप?" अनंतराव म्हणाले, "एकशे एक." दुकानदाराने मांडणीकडे पाहिलं. "सगळीच एकशे एक आहेत, काका. विकलेलीपण. घरोघरी जाऊन वास घेऊ का?" एरवी अनंतरावांनी सव्याज परतफेड केली असती. आज ते उरलेली पाकिटं पिशवीत भरून निमूट घरी आले आणि ती जमिनीवर ठेवून तिथेच बसले.

शाळांच्या मधल्या सुट्टीच्या सुमारास नाजिमाचा पुन्हा फोन आला. बहुतेकींनी शाळेत फोन करून डबे थांबवले होते. पण एकीने उत्तर पाठवलं होतं, ते तिने वाचून दाखवलं: 'आमच्या पाकिटावरही १०१च आहे. मागच्या वेळीही हाच नंबर होता, केदारने सगळं पाकीट संपवलं, काही झालं नाही. म्हणजे आमचं चांगलं आहे. आज नवीन फोडून डब्यात दिलंय.'

जो आकडा धोका सांगायला हवा होता, त्यानेच त्या बाईला निर्धास्त केलं होतं.

"तिला फोन कर, नाजिमा."

"सारखा करतेय. तिने हा मेसेज पाठवला आणि नंतर फोन बंदच येतोय. मीटिंगमध्ये असेल."

"मग शाळेत कर. कुठली शाळा?"

"माहीत नाही. ग्रुपवर ती नुसती 'केदारची आई' आहे, काकू. आडनावसुद्धा नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांना विचारलं, कुणालाच माहीत नाही."

अनंतराव जमिनीवरून वर पाहत होते. कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आता काय करायचं गं?"

"तेच विचारायला तुम्हाला फोन केला, काकू."